दिसतात, पण बोलत नाहीत

“सासूबाईंना घरात नसलेली माणसं दिसतात. वेड लागलंय का हो?” हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, फक्त नातं बदलतं. कधी वडील, कधी आजी. आणि माझ्यापर्यंत येईतो नजर काढून झालेली असते, अंगारा लावून झालेला असतो, शेजारच्या कुणीतरी झोपेची गोळीही सुचवलेली असते.

त्यातल्याच एका घराची ही हकीकत, ओळख पटेल असे तपशील बदलून. काकू ऐंशीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलेला, म्हणजे मॅक्युलर डीजनरेशन. सूनबाई खुर्चीत टेकायच्या आधीच सगळं सांगू लागल्या, तेही काकूंसमोर, त्या तिथे नसल्यासारखं. मी मुलाला आणि सूनबाईंना बाहेर बसवलं आणि काकूंनाच विचारलं.

दाराकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, “फेटेवाली माणसं. वीतभर उंचीची. ओट्यावर रांगेने बसतात. जांभळा फेटा, त्याची चुणी न् चुणी दिसते. आणि नातवाचा चेहरा बघायला जावं तर मधे नुसता डाग.”

बोलतात का तुमच्याशी?

“छे! हूं नाही की चूं नाही.”

खरीच आहेत असं वाटतं? यावर काकू चिडल्याच. “अहो, गॅसच्या शेजारी वीतभर माणसं बसतील का? कळतंय मला. पण दिसतात त्याला मी काय करू?”

निम्मं उत्तर इथेच मिळालं. नजर अधू, दिसतं ते स्पष्ट पण मुकं, आणि ते खरं नाही याची पुरती जाणीव. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या या निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये स्वतःच्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं: मोतीबिंदूने नजर गेलेली, बुद्धी शाबूत, आणि डोळ्यांसमोर माणसं, पक्षी, इमारती.

मेंदूत काय घडतं ते दाखवलं लंडनचे संशोधक डॉमिनिक फिच यांनी. १९९८ मध्ये त्यांनी अशा रुग्णांना स्कॅनरमध्ये झोपवलं आणि काही दिसलं की खूण करायला सांगितलं. रंग दिसत होते त्यांच्या मेंदूतला रंग ओळखणारा भाग काम करत होता, चेहरे दिसत होते त्यांचा चेहरे ओळखणारा. म्हणजे काकू काही रचून सांगत नव्हत्या. डोळ्यांकडून येणारी माहिती आटली की मेंदूचे हे भाग आपलं आपण काम करू लागतात. त्यासाठी म्हातारपणही लागत नाही. अमेरिकेतल्या एका प्रयोगात १३ धडधाकट माणसांच्या डोळ्यांवर पाच दिवस पट्टी बांधली, तर त्यातल्या १० जणांना भास झाले. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. मी हा प्रयोग घरच्यांना आवर्जून सांगते, चेहऱ्यावरचा ताण लगेच उतरतो.

पण म्हणून भास होणारं प्रत्येक म्हातारं माणूस याच खात्यात टाकू नका. दिसणारी माणसं बोलत असतील, हुकूम सोडत असतील, ती खरीच आहेत अशी खात्री असेल, विसरभोळेपणा वाढला असेल, हालचाली मंदावून अंग ताठत असेल, तर पार्किन्सन किंवा लुई बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या प्रकाराची शंका घ्यावी लागते. एकाएकी सुरू झालं आणि बोलण्यात गोंधळ असेल तर लघवीचा संसर्ग किंवा नवं औषधही कारण असू शकतं. तिथे त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. काकूंनाही मी आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. तपासण्यांत काही निघालं नाही.

“मग गोळी काय द्यायची?” मुलाने विचारलं. यावर हमखास लागू पडणारी गोळी नाही, आणि भास बंद व्हावेत म्हणून मनाने कुठली सुरू करण्यात धोका आहे. या वयात तोल जाऊन पडणं फार महागात पडतं. फेटेवाले आले की डोकं स्थिर ठेवून नजर डावीकडून उजवीकडे काही वेळा फिरवायची, उठून जागा बदलायची, हात पुढे करून बघायचा. बऱ्याच जणांचं चित्र तेवढ्याने विरतं, सगळ्यांचं नाही. अंधुक उजेडात आणि रिकामं बसल्यावर हे जास्त होतं. म्हणून सूनबाईंना म्हटलं, अंगारा लावायचा तर लावा, पण तिन्हीसांजेला स्वयंपाकघरातला दिवा आधी लावा.

आणखी एक गोष्ट निघाली. डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी काकू नेमाने दवाखान्यात जात होत्या, पण फेटेवाल्यांबद्दल तिथे त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. “म्हातारी बिघडली म्हणतील” ही भीती. तुमच्या घरात कुणाची नजर अधू झाली असेल, तर पुढच्या तपासणीला जाण्याआधी हा प्रश्न तुम्हीच विचारा: काही वेगळं दिसतं का? त्यांना एकटं गाठून, आणि हसू न आणता.