सरासरीत दशांशस्थळे किती ठेवावीत?

समजा, रंकाळा तलावातील जलपर्णीच्या तुम्ही मोजलेल्या तीन पानांची रुंदी ८४, ८७ आणि ८५ मिलिमीटर असताना कॅल्क्युलेटरने दाखवलेली ८५.३३३३३३३ ही सरासरी प्रयोगवहीत जशीच्या तशी उतरवू नये, कारण मिलिमीटरची पट्टी एवढे बारीक मोजूच शकत नाही. ८५, किंवा फार तर ८५.३, असे लिहावे. मधल्या पायऱ्यांत मात्र सर्व अंक ठेवून राउंड ऑफ शेवटीच करावे. खरी गफलत टक्केवारीत होते: बटाट्याच्या फोडीचे वजन २.३५ ग्रॅमवरून २.६१ ग्रॅम झाले, तर वाढ ०.२६ ग्रॅम, म्हणजे सार्थ अंक (मोजमापातून खरोखर मिळालेले, भरवशाचे अंक) दोनच उरतात, म्हणून ११.०६३८ नव्हे, ११ टक्के. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या याच वजनकाट्यावर वजन २.५ ग्रॅम भरले, तर तक्त्यात ते २.५० असे लिहावे, कारण ते शून्यही मोजलेलेच असते.