खजूर-अक्रोड लोफ मधेच का बसतो?

प्रश्न: ताई नमस्कार, यीस्टची कटकट नको म्हणून खजूर-अक्रोडाचा क्विक ब्रेड दोनदा केला आणि दोन्ही वेळा फसला. मापं बरोबर होती, बीटरने चांगलं दहा मिनिटं फेटलं, तरी आधी फुगला आणि मग मधे बसला. कापला तर आत लांब लांब भोकं, चावायला रबर आणि अक्रोड सगळे तळाला. ओटीजी आहे, अंडं चालत नाही. सासूबाई म्हणाल्या चहात बुडवून खाऊ, पण मला वाईट वाटलं हो. कुठे चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: सासूबाई भल्या आहेत तुमच्या, आमच्याकडे माझा पहिला लोफ कोणी दोन दिवस शिवलं नव्हतं! चूक त्या बीटरची आहे. पोळीची कणीक आपण तिंबतो ती चिवट व्हावी म्हणून, तसंच इथे मैदा ओला झाल्यावर जितकं फेटाल तितकं ग्लुटेन तयार होणार, मग रबर आणि भोकं दोन्ही आलीच. बीटर कपाटात ठेवा, चमच्याने खालून वर दहा-बारा वेळा फिरवा आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू देत.

मी करते ते सांगते. बिया काढलेला 200 ग्रॅम खजूर बारीक चिरायचा, त्यावर 1 चहाचा चमचा खायचा सोडा भुरभुरायचा आणि 1 कप उकळतं पाणी ओतायचं. लगेच फेस येतो, पाणी चिंचेच्या कोळासारखं गडद होतं आणि अर्ध्या तासात खजुराची सालं इतकी मऊ पडतात की काट्याने सहज चेचली जातात. हे गार झाल्यावरच पाव कप दही, पाव कप तेल आणि अर्धा कप साखर घाला. दुसरीकडे 1 कप मैदा, पाऊण कप कणीक, 1 चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ चाळून ठेवा, आणि ओव्हन 170 डिग्रीला तापल्यावरच ओलं-कोरडं एकत्र करा, कारण ओलं झालं की सोडा-पावडरचं काम सुरू होतं, पीठ ओट्यावर वाट बघत बसलं तर हवा तिथेच निघून जाते.

अक्रोड तळाला जातात ते पीठ पातळ आणि तुकडे मोठे म्हणून. मैद्यात घोळवा म्हणतात, थोडा फरक पडतो, पण खरा उपाय पीठ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट ठेवणं आणि तुकडे हरभऱ्याएवढे करणं. अक्रोड आधी कढईत मंद आचेवर परतून घ्या, कडवटपणा कमी होतो.

मधे बसण्याचं कारण बहुतेक दार उघडणं असावं, खरं सांगा, उघडून बघितलं ना? पहिली 35 मिनिटं हात लावायचा नाही. मधल्या जाळीवर, दोन्ही रॉड चालू, साधारण 50-55 मिनिटं, मधोमध सुरी घातली की ओलं पीठ चिकटून यायला नको (खजूर चिकटला तर चालेल). दहा मिनिटांनी टिनमधून काढा, पूर्ण गार झाल्यावर कापा, दुसऱ्या दिवशी तर जास्तच छान लागतो.

प्रश्न: ओव्हन नाही, कुकरमधे होईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: होतो की! शिट्टी आणि रिंग दोन्ही काढायची, तळाला वाटीभर मीठ, त्यावर स्टँड, पाणी अजिबात नाही. दहा मिनिटं मध्यम आचेवर तापवून मग डबा आत ठेवा आणि गॅस बारीक करा, तासभर तरी लागतो. वरून ओव्हनसारखा लाल होत नाही, फिकट दिसला म्हणून जास्त वेळ ठेवू नका, तळ करपेल. आणि ते मीठ बरणीत भरून वेगळं ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडतं, फक्त आमटीत घालू नका.