नोकरी सोडायला घरच्या सगळ्यांचा होकार होता

"पगाराची नोकरी सोडून आवडीचं काम करायचंय, पण घरचे तयार नाहीत. काय करू?" हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कुणाला शेती करायची असते, कुणाला बेकरी, कुणाला नाटक. आज जिच्याबद्दल लिहिते आहे, तिच्या घरचे मात्र एका पायावर तयार होते आणि तरीही तिची झोप उडाली होती. बायकांच्या बाबतीत हे मी बऱ्याचदा पाहते. सगळे हो म्हणत असताना तक्रार तरी कशाची करायची, म्हणून त्या बोलत नाहीत. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.

ती चाळिशीची. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत सतरा वर्षं, शेवटची काही वर्षं प्रोग्रॅम मॅनेजर. नवरा चाकणला, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. मुलगा नववीत. सासूबाई सोबत. घर दोन बेडरूमचं. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता तिला ऐकायची सवय लागली आणि ऐकता ऐकता लिहायची. तिला मराठीत विज्ञान-श्रुतिका करायच्या होत्या. कुणीतरी एकसुरात वाचून दाखवलेली कथा तिला नको होती. पात्रं, पावलांचे आवाज, दारं, वारा, मधली शांतता, सगळं असलेलं पूर्ण नाट्य हवं होतं.

पहिल्या मालिकेचा आराखडा तयार होता. नारायणगावजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची जी महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, तिथे रात्रपाळीला असलेल्या एका बाईला खरखरीतून काहीतरी लयीत ऐकू येतं. सहकारी म्हणतात, आसपासच्या कुणाच्या तरी मायक्रोवेव्हचा त्रास असेल. ही मात्र ऐकत राहते. एवढं सांगून ती थांबली तेव्हा समुपदेशक म्हणून विचारायचे प्रश्न बाजूला ठेवून मी आधी विचारलं, "मग पुढे?"

पैशाचा हिशोब तिने चोख केला होता. गृहकर्ज जवळजवळ फिटलेलं, दीड-दोन वर्षांचा खर्च बाजूला काढलेला. नवरा म्हणाला होता, "सोड की, माझं काही म्हणणं नाही." सासूबाईंना तर आनंदच झाला होता. "बरं झालं. आता पोराच्या दहावीला तू घरी असशील." सोसायटीतल्या मैत्रिणी, माहेर, सगळ्यांचं एकच: इतकी वर्षं धावपळ केलीस, आता जरा घरात लक्ष दे.

"मॅडम, सगळे हो म्हणाले त्या दिवसापासून मला झोप नाही," ती म्हणाली. "आणि हे बोलले तर मी कृतघ्न ठरेन."

मी तिला एक काम दिलं. राजीनाम्यानंतर सहा महिन्यांनी येणारा एखादा मंगळवार तासातासाने लिहून आणायचा. स्वप्नातला नको, खरा लिहा, असं बजावलं. पुढच्या वेळी आलेला कागद मी अजून विसरलेले नाही. पावणेसहाला डबा. मुलाचा क्लास. अकराला सासूबाईंचा फिजिओ. मध्ये सिलिंडर, इस्त्रीवाला, प्लंबर. दुपारी दोन ते चार रेकॉर्डिंग, तेही पेन्सिलने. साडेतीनला मुलगा शाळेतून येणार, म्हणजे खरं तर दोन ते साडेतीनच. त्याच वेळी हॉलमध्ये सासूबाईंची मालिका. ज्या कामासाठी नोकरी सोडायची त्याला दिवसातला दीड तास मिळाला होता, आणि तो दीड तासही टीव्हीच्या आवाजात.

हा कागद तिच्या एकटीच्या मनाचा खेळ नव्हता. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी 289 मिनिटं जातात, तर पुरुषांची 88. ऑफिसला जाणाऱ्या बाईच्या वाट्याची यातली काही कामं मोलाने करून घेतली जातात, काही राहून जातात, काही रात्री उरकली जातात. ती घरी बसली की सगळी परत तिच्याकडे येतात, आणि कुणी मुद्दाम ढकललेलीही नसतात.

श्रुतिका हे काम तर शांततेवरच उभं आहे. लिहिणाऱ्याला गोंगाटातही लिहिता येईल, चित्रकाराला मुलं अवतीभवती चालतील. मायक्रोफोनला नाही चालत. तिने बेडरूमच्या कपाटासमोर दोन गोधड्या दोरीवर टाकून कोपरा केला होता. एप्रिलमध्ये पंखा बंद करून, घामाने निथळत ती बोलायची. रेतीवरच्या पावलांसाठी कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून ती दाबायची, यानाच्या दारासाठी सुटकेसची चेन ओढून तो आवाज संगणकावर संथ करायची. मला हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा.

एकदा तिने हेडफोन आणून न छाटलेला एक तुकडा मला ऐकवला. रात्रपाळीची बाई हळू आवाजात म्हणते, "कुणी आहे का तिकडे?" मग खरखर. मग चार-पाच सेकंद काहीच नाही, अंगावर काटा येईल अशी शांतता. आणि त्यात दारामागून स्पष्ट, सासूबाईंचा आवाज: "अगं, कोथिंबीर निवडायची राहिलीय."

आम्ही दोघी हसलो. मग मी विचारलं, "कोविडच्या काळात तुम्ही याच खोलीतून ऑफिसचं काम करत होता ना? तेव्हा किती वेळा हाक यायची?"

ती विचारात पडली. "कधीच नाही. 'तिची मीटिंग चालू आहे' म्हणून मुलगासुद्धा चवड्यांवर चालायचा."

खोली तीच होती, दार तेच, माणसंही तीच. मधल्या काळात एवढंच बदललं होतं की दाराआडच्या कामाचा पगार येत नव्हता. तिची झोप कशाने उडाली होती ते तेव्हा आम्हा दोघींनाही स्पष्ट दिसलं. दर महिन्याला खात्यात जमा होणाऱ्या रकमेसोबत तिला बंद दार मिळत होतं, आणि राजीनाम्याबरोबर तेही परत द्यावं लागणार होतं. ते तिच्या एक्सेलमध्ये कुठेच मांडलेलं नव्हतं.

इथपर्यंत घरच्यांचा भाग झाला. पण दार वाजलं की कडी आतून कोण काढतं, हेही पाहायला हवं होतं. कडी तीच काढत होती, प्रत्येक वेळी, लगेच. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, आणि माझ्या कामात मी ती पुष्कळ वापरते. आपल्या दुःखामागे एखादी आग्रही समजूत दडलेली असते, ती शब्दांत पकडायची आणि तिला प्रश्न विचारायचे, असा तिचा गाभा. तिची समजूत होती, "मी कमावत असेन तरच मला दार लावून बसायचा हक्क आहे."

"मुलगा अभ्यासाला दार लावतो?"

"हो."

"तो किती कमावतो?"

ती गप्प.

"सासूबाई पूजेला बसल्या की कुणी मध्ये हाक मारतं?"

"छे!"

"त्यांना पूजेचा पगार मिळतो?"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. ते रडणं मी अडवलं नाही. समजूत एका भेटीत जात नाही. पुढच्या कित्येक भेटींत ती वेगवेगळ्या रूपांत परत आली: निदान महिन्याला पंधरा हजार मिळाले असते तर, निदान एखादं बक्षीस मिळालं असतं तर.

एकदा तिनेच विचारलं, "नारळीकर तर एवढं संशोधन सांभाळून लिहायचे. मग मला नोकरी करून का जमत नाही?" रास्त प्रश्न होता. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली होती. मी तिला म्हटलं, नोकरी सांभाळून लिहिता येतं हे त्यातून दिसतंच. कुणीतरी बसून आपल्या हाताने ती कथा उतरवली, हेही दिसतं. तुमच्या घरात तसं कोण आहे? तिने नाव घेतलं नाही. म्हणून मी घरच्यांना बोलावलं.

नवरा सरळ माणूस. "मी कुठे अडवतोय तिला?" हे त्याने मनापासून म्हटलं. मी मंगळवारचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, यातली कुठली तीन कामं तुमची? त्याने प्लंबर उचलला. प्लंबरचा नंबर मात्र त्याच्याकडे नव्हता. तो ओशाळला, तिच्याकडून नंबर घेतला आणि तिथेच फोनमध्ये टाकला. छोटी गोष्ट, पण त्या घरात पहिल्यांदा एक काम हात बदलत होतं.

सासूबाई नाखुशीनेच आल्या. पंचाहत्तरीच्या, ताठ, पुण्यातल्या जुन्या वाड्यात वाढलेल्या. सून नोकरी सोडून नक्की काय करणार आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं. 'ऑडिओ', 'पॉडकास्ट' असलं काहीतरी कानावर होतं. मी म्हटलं, रेडिओवर श्रुतिका लागायच्या ना, तशा ती स्वतः करणार आहे. त्या सावरून बसल्या. "वाड्यात एकाच बिऱ्हाडी रेडिओ. नभोनाट्य लागलं की आमचे वडील भांडी घासायलाही बंदी करायचे. पोरं हूं की चूं करायची नाहीत." मग सुनेकडे वळून, जरा रागानेच, "हे करत्येस होय तू! मग सांगायचं नाही का?"

यानंतर घर एकदम सरळ झालं नाही. दुपारची मालिका त्यांनी सोडली नाही, आणि ती सोडावी असं मलाही वाटत नव्हतं. मुलाने त्यांना बिनवायरचा हेडफोन आणून दिला. पहिला आठवडा त्या कान दुखतात म्हणून कुरकुरल्या, मग तो काढायला नकार द्यायला लागल्या.

राजीनाम्याआधी तिने साठलेली दहा दिवसांची रजा घेतली आणि तो मंगळवार जगून पाहिला. कुठेही जायचं नाही, सकाळी नऊ ते बारा दार बंद. तिने वहीत नोंद ठेवली. पहिल्या दिवशी अकरा वेळा दार वाजलं आणि अकराही वेळा तिने उघडलं. शेवटच्या दिवशी तीनदा वाजलं, एकदा उघडलं. तेही सिलिंडरसाठी, आणि उघडल्याचा तिला रागही आला. तो राग पाहून मला बरं वाटलं. त्याच दहा दिवसांत तिला आणखी एक कळलं. लिहिणं आणि कलाकारांकडून बोलून घेणं तिला जीव की प्राण होतं, पण मिनिटभर आवाज साफ करायला तास-तास बसणं नको वाटायचं. त्या कामासाठी माणूस लागणार, त्याला पैसे द्यावे लागणार. हिशोबात तो आकडा आला.

बाकीच्या व्यवहारी गोष्टींत मी सल्लागार नाही, पण काय विचारायचं ते सांगू शकते, आणि सगळ्यांना सांगते. सासूबाई तिच्या कंपनीच्या आरोग्य विम्यात होत्या आणि त्यांना मधुमेह आहे. नोकरी सुटली की ते छत्र जातं. नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत आधीची वर्षं धरून जाता येतं का, हे मुदत संपण्याआधी विचारावं. नोकरीत असताना लिहिलेलं ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नये, आणि नेमणुकीच्या करारात अशा लेखनाबद्दल काय म्हटलंय ते वाचावं. तिला एका अ‍ॅपकडून मालिकेसाठी एकरकमी देकार आला होता, कायमच्या हक्कांसह. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असं धरतात, पण 'कायमचे' असं लिहून सही केली की तो आधार उरत नाही. तिने वकिलाला दाखवून तो देकार नाकारला. पैसे गेले याचं तिला वाईट वाटलं, आणि ते स्वाभाविक होतं.

राजीनाम्याची तारीख मुलाच्या दहावीशी जोडू नका, एवढा एकच आग्रह मी धरला. 'दहावीसाठी घरी बसली' असं एकदा घरात पक्कं झालं की ते बदलायला फार कष्ट पडतात. तिने जूनमध्ये, शाळा सुरू होताना, घरात चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं की ती श्रुतिका करण्यासाठी नोकरी सोडते आहे आणि नऊ ते बारा ती कामावर असेल. मग नव्वद दिवसांची नोटीस दिली.

मालिकेचे आठ भाग झाले. मिळकत पगाराच्या जवळपासही नाही. कंपन्यांच्या प्रशिक्षणाच्या ध्वनिफिती करून ती घरखर्चाचा थोडा भाग उचलते आणि महिन्यातले काही दिवस त्यात जातात, याचा तिला कंटाळा येतो. पाहुणे आले की नऊ ते बारा अजूनही कोसळतं, आणि त्यावरून नवऱ्याशी वाजतं. आता ती दीड-दोन महिन्यांतून एकदा येते.

पुढच्या महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. दवाखान्यात कोणत्या रात्री कोण थांबणार याची यादी नवऱ्याने केली, तेव्हा तिच्या रेकॉर्डिंगचे तीन दिवस त्याने आपण होऊन तिच्यासाठी मोकळे ठेवले नव्हते. तिने यादी हातात घेतली, ते तीन दिवस त्याच्या नावावर लिहिले आणि कागद फ्रिजवर लावला. त्याने रजेचा अर्ज टाकला आहे.