घरातल्या रोपांना एलईडीचा उजेड: वॉट बघू नका, डोस मोजा

प्रश्न (पेडणे): चवथीनंतर लावायची मिरचीची रोपे घरात ट्रेमध्ये केली. खिडकीपाशी ठेवूनही ती दोऱ्यासारखी लांब झाली. दुकानदाराने १००० वॉटचा जांभळा दिवा, वाढ रोखणारे औषध आणि १९:१९:१९ हे विद्राव्य खत दिले आहे. कसे वापरू?

औषध वापरू नका. विद्राव्य खतही आत्ता नको. उजेड कमी असताना नत्र दिले की रोप आणखी पळते आणि आणखी लुळे पडते. तुमच्या रोपांना रोग नाही, भूकही नाही. त्यांना उजेड पुरलेला नाही. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी खिडकीपासून हातभर आत बऱ्याचदा १००० लक्सही (लक्स म्हणजे उजेड मोजायचे माप) मिळत नाहीत. भाजीच्या रोपाला १० ते १५ हजार लक्स लागतात, आणि तेही रोज १४ तास. किती उजेड आणि किती तास, हाच डोस.

खोक्यावरच्या १००० वॉटवर जाऊ नका. असले दिवे मी मीटर लावून पाहिले आहेत, छापलेल्या आकड्याच्या जवळपासही वीज ओढत नाहीत. दुकानातच मीटर लावून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर घेऊ नका.

जांभळा रंगही लागत नाही. पान ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड वापरते, आणि साध्या पांढऱ्या एलईडीत निळा, हिरवा, तांबडा तिन्ही असतात. त्यातली चिप मुळात निळीच, ४५० नॅनोमीटरच्या आसपासची; वरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा होतो. निळ्या भागामुळे रोप बुटके, दणकट राहते. शिवाय जांभळ्या उजेडात पिवळे पडलेले पान ओळखता येत नाही, कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) दिसत नाही. दिसत नाही म्हणून फवारणी उशिरा होते, आणि मग दुकानदार आणखी एक बाटली देतो.

मी सगळ्यांना एकच मांडणी सांगतो. ४ फूट लांब, दीड फूट रुंद फळी. तिच्यावर ४ फुटी, २० वॉटच्या, ६५०० केल्विनच्या (निळसर झाक असलेल्या) चार पांढऱ्या एलईडी ट्यूब. रोपाच्या शेंड्यापासून ६ ते ८ इंच अंतर. बाजूंना पांढरा रंग किंवा पांढरी फ्लेक्स. टायमर आणि छोटा पंखा. रोज १४ तासांना सव्वा युनिटाच्या आत वीज जाते. पंखा चैनीसाठी नव्हे: हलणाऱ्या रोपाचा दांडा जाड होतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत मर (रोप बुडाशी कुजून कोलमडणे) कमी लागते. मोबाइलमधले लक्सचे अ‍ॅप अंदाजापुरते चालते. फोन शेंड्याच्या उंचीवर, तोंड वर करून धरा.

दिवा बी उगवल्याच्या दिवसापासून लावायचा. रोप लांबल्यावर लावला तर लांबलेला दांडा आखूड होत नाही. तुमचा ट्रे टाकून द्या आणि लगेच नवे बी घाला, मिरचीला वेळ आहे.

प्रश्न (तिसवाडी): दिवा चोवीस तास ठेवला तर वाढ दुप्पट होईल असे विक्रेता म्हणतो. आमची वांग्याची आणि टोमॅटोची रोपे उलट पिवळी पडली.

पडणारच. टोमॅटो आणि वांगे या दोघांना अखंड उजेड सोसत नाही, पाने पिवळी पडून करपतात. १४ तास, फार तर १६. रात्री अंधार हवा म्हणजे हवाच. शेवंतीची कुंडी त्याच खोलीत असेल तर बाहेर काढा. तिला लांब रात्र मिळाली नाही तर कळी धरत नाही.

दिवा जवळ आणून उजेड वाढवणे हाही जास्त डोसच. ट्यूबच्या बरोबर खालचीच पाने फिकट आणि वर वळलेली असतील तर दिवा वर घ्या. कडेच्या रोपांवरही वाकडी पाने असतील तर भिंगाने पानाची खालची बाजू पाहा, कोळी किंवा फुलकिडे सापडतील. हे पाहण्याआधी कोणी कोळीनाशक हातात दिले तर परत करा. दिव्याने भाजलेल्या पानावर औषध मारलेले मी नको तितक्या वेळा पाहिले आहे.

प्रश्न (फोंडा): ३ वॉटच्या सुट्या चिप घेऊन दिवा बनवला. महिन्यात तीन चिप जळल्या, आणि पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात.

दिवा आजच बंद करा. प्लग काढा. झिणझिण्या म्हणजे पत्र्यात वीज उतरली आहे. ड्रायव्हर (चिपला लागेल तेवढीच वीज देणारा डबा) नसलेली, थेट २३० व्होल्टवर चालणारी प्लेट तुम्हाला विकलेली दिसते. ओल्या ट्रेवर ती लावणे जिवावरचे आहे.

स्वतः बनवायचाच असेल तर आयसोलेटेड (मेन लाइनपासून आतून अलग केलेला), ठरावीक करंट देणारा ड्रायव्हर घ्या. दहा पांढऱ्या चिप एका माळेत जोडल्या तर ३० ते ३४ व्होल्ट होतात, ड्रायव्हरची कक्षा त्याला पुरली पाहिजे. चिप ७०० मिलिअँपिअर सोसते असे दुकानात सांगतात. ५०० च्या वर नेऊ नका. चिप उष्णतेने मरते. म्हणून जाड अ‍ॅल्युमिनियम, मध्ये थर्मल पेस्ट. अर्ध्या तासाने प्लग काढून हात लावा, ठेवता येत नसेल तर करंट कमी करा. पत्र्याला अर्थिंग, लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). ड्रायव्हर पाण्यापासून दूर, ट्रेपेक्षा उंच. हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय लावू नका. चालू चिपकडे टक लावून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका.

अनुदानाचेही काही जण विचारतात: शेडनेट आणि पॉलीहाऊसला फलोत्पादन अभियानातून मिळते, घरातला दिवा त्यात धरून खर्च करू नका. गोव्याच्या कृषी खात्याचे कृषी कार्ड घेऊन विभागीय कृषी कार्यालयात आधी विचारा, मंजुरी हातात आल्यावरच खरेदी करा.

दिव्याखालची रोपे थेट वाफ्यात नेऊ नका. आधी सात ते दहा दिवस पडवीत, पहिल्या दिवशी सकाळचे तासभर ऊन, मग रोज थोडे जास्त. पाऊस उघडला म्हणून घाई केलीत तर एका दुपारीत पाने पांढरी पडतील.