वाचक विचारतात: युद्धाचा अल्बम, पण युद्ध कुठंय?

प्रश्न: नमस्कार ताई, शर्ली आणि डॉली कॉलिन्स या इंग्लिश बहिणींचा ‘अँथम्स इन ईडन’ ऐकला. मित्र म्हणाला पहिल्या महायुद्धावरचा आहे, पण मला तर ना तोफा सापडल्या ना सैनिक, नुसती प्रेमाची गाणी. काय चुकतंय माझं? आणि मधेच ते भुंग्यासारखं घूं घूं वाजतं ते काय आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर: तुमचं काहीच चुकत नाहीये. मित्राचंही बरोबर आहे. 1969 साली आलेला हा अल्बम, ससेक्सच्या हेस्टिंग्जमधल्या या दोघी बहिणी, शर्ली गायची आणि डॉली संगीत रचायची. रेकॉर्डची अख्खी पहिली बाजू म्हणजे एकच गोष्ट आहे, त्यामुळे ती शफलवर लावली असेल तर गोष्ट लागणारच नाही, ओळीनेच ऐका. पहाटे शेळ्यामेंढ्यांच्या वाटेवर मुलगा-मुलगी भेटतात, मग लग्नाच्या गोष्टी, मग ‘द ब्लॅकस्मिथ’मध्ये शब्द मोडतो, मग ‘अवर कॅप्टन क्राईड’मध्ये जहाजावर बोलावणं येतं, पुढे स्वप्न आणि निरोप. ही सगळी गाणी महायुद्धाच्या कितीतरी आधीपासून खेड्यांत गायली जात होती, त्यात 1914 चा उल्लेख येणार तरी कसा! पण ती या क्रमाने लावली की एका गावातली पोरं एकापाठोपाठ निघून जाताना दिसायला लागतात. तोफा नाहीत कारण गोष्ट मागे राहिलेल्या बाईची आहे, आणि तिला तोफ ऐकूच आली नव्हती.

आता ‘व्हिटसन डान्स’ नीट ऐका, माझ्या मते सगळा अल्बम त्या एका गाण्यासाठी आहे. चाल जुनी पण शब्द नवे, शर्लीचा तेव्हाचा नवरा ऑस्टिन जॉन मार्शल याने लिहिलेले, अल्बमचा प्रोड्युसरही तोच. व्हिटसन म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण, तेव्हा गावात मॉरिस डान्स व्हायचा, पांढरे कपडे, पायात घुंगरं, हातात रुमाल, आणि नाचणारे बहुतेक पुरुष. गाण्यातली बाई नवरी झाली त्याला पन्नास वसंत झालेत, 1969 मधून साधारण पन्नास वजा करा, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा काळ येतो आणि ती कुणाची विधवा आहे ते कळतं. जिथे मेपोल, म्हणजे ज्याच्याभोवती नाचायचे तो सजवलेला खांब, उभा राहायचा तिथे आता युद्धात मेलेल्या गावकऱ्यांच्या नावांची पाटी आहे, आणि व्हिटसनला नाचायला बायका जातात. एवढंच. शर्ली हे गाताना आवाज जराही कापरा करत नाही, रडवायचा प्रयत्न करत नाही, सरळ सपाट गाते, आणि म्हणूनच मला ते सहन होत नाही. जॉर्ज बटरवर्थ नावाचा संगीतकार, जो स्वतः ससेक्समध्ये फिरून लोकगीतं लिहून घ्यायचा आणि मॉरिस नाचायचा, तो 1916 मध्ये याच महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत गेला, म्हणजे ही पाटी काही कल्पनेतली नाही.

तुमचा भुंगा बहुतेक क्रमहॉर्न असणार. खालून आकड्यासारखं वळलेलं लाकडी वाद्य, आत सनईसारखी दुहेरी पत्ती, पण त्या पत्तीवर झाकण असतं त्यामुळे वाजवणाऱ्याचे ओठ तिला लागतच नाहीत आणि आवाज लहानमोठा करता येत नाही, एकसारखा घूं येत राहतो. डेव्हिड मनरो आणि त्याच्या अर्ली म्युझिक कन्सॉर्ट या जुनं संगीत वाजवणाऱ्या गटातल्या लोकांनी वाजवलंय, हार्पसिकॉर्डवर क्रिस्टोफर हॉगवुड. तेव्हा लोकगीत म्हटलं की लोक सोबतीला गिटार घ्यायचे, डॉलीने ते न करता रेबेक, व्हायल, सॅकबट असली कित्येक शतकं जुनी वाद्यं घेतली. गंमत म्हणजे हे निघालं ईएमआयच्या हार्वेस्ट लेबलवर, तिथे पिंक फ्लॉइड आणि डीप पर्पल असले रॉक बँड होते!

दुसऱ्या बाजूला सुटी गाणी आहेत, चांगली आहेत, पण ती वेगळ्या दिवशी ऐका. डॉली 1995 ला गेली. शर्लीचा आवाज मधे डिस्फोनिया या आवाजाच्या विकारामुळे गेला होता, कित्येक वर्षं ती गाऊच शकली नाही, मग 2016 मध्ये तिचा ‘लोडस्टार’ हा अल्बम आला, आवाज म्हातारा आणि खाली उतरलेला, तोही जरूर ऐका आणि कसा वाटला ते मला कळवा.