'जननद्रव्य' म्हणजे नुसतं बियाणं का?

प्रश्न असा आलाय की परभणीकडच्या एका शेतकरी मेळाव्याच्या पत्रिकेत 'पीक जननद्रव्य संवर्धन' असं छापलं होतं, तर एवढा जड शब्द कशाला, सरळ 'बियाणं जतन' का नाही लिहीत?

शब्द जड आहे हे खरंय, पण जननद्रव्य म्हणजे ज्यातून पिकाची पुढची पिढी उभी राहते ते सगळं, इथं नुसतं बियाणं लिहून भागत नाही. आपल्याच बोलीत बी वेगळं आणि बेणं वेगळं. ज्वारी, तूर, हरभऱ्याचं बी. ऊस, हळद, केळीचं बेणं. वसमतकडं हळदीचे जेठे गड्डे बेण्याला बाजूला काढतात, उसाची दोन डोळ्यांची टिपरी करतात, त्याला कुणी बी म्हणत नाही. आणि जगातल्या जनुक बँकांचं, म्हणजे पिकांचे नमुने जपून ठेवणाऱ्या संस्थांचं कामही याच फरकावर चालतं. बी नीट वाळवून पाकिटात हवाबंद करून उणे 18-20 अंशाला ठेवलं की वर्षानुवर्षं टिकतं, बेणं तसं ठेवलं तर मरतं, ते शेतात नाहीतर काचनळीत जिवंतच सांभाळावं लागतं. अर्धापूरच्या केळीवाल्यांनी मुद्दाम ऐकावं, जगभरच्या केळीच्या जातींचा सगळ्यात मोठा संग्रह बेल्जियममधल्या लूवेनला आहे, तिथल्या थंडीत उघड्यावर बाग व्हायची नाही, तर सगळी रोपं नळ्यांमधे, आणि कोंबाचे बारीक शेंडे खास प्रक्रिया करून द्रवरूप नायट्रोजनमधे, उणे 196 अंशाला.

'वाण' का नाही? तर वाण म्हणजे ओळख पटलेला, नाव मिळालेला. परभणी मोती वाण, मालदांडी वाण. पण जपायच्या गोष्टींत बिननावाची गावठी ज्वारी पण येते आणि रानातली भाऊबंद झाडं पण. कजानस कजानिफोलियस ही तुरीची रानटी भाऊबंद, तिला वाण कोण म्हणेल, पण तिच्यामुळंच इक्रिसॅटला पुष्कल हा संकरित तुरीचा वाण काढता आला.

हे इक्रिसॅट म्हणजे कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, हैदराबादजवळ पाटणचेरूला, आपल्याला जवळच की. 1972 ची संस्था, परभणीचं कृषी विद्यापीठही त्याच वर्षीचं. तिथं 144 देशांतून आलेले सव्वा लाखाच्या घरातले नमुने आहेत, ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग, म्हणजे आपल्याच शिवारातली पिकं, आणि त्यातल्या बहुतेकांची दुसरी प्रत नॉर्वेत स्वालबार्डच्या डोंगरात, जगभरच्या बियांसाठी बांधलेल्या कोठारात. दुसरी प्रत कशाला, असं कुणाला वाटेल. सीरियात अलेप्पोजवळ गहू, हरभरा, मसूर यांची अशीच मोठी बँक होती, युद्धात तिथं काम करणंच अशक्य झालं, मग 2015 मधे स्वालबार्डहून बी परत मागवलं, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरून वाढवलं आणि 2017 मधे पुन्हा ठेवायला पाठवलं. एका देशाच्या बळावर हे झालंच नसतं.

देशादेशांत जननद्रव्याच्या देवाणघेवाणीचा आंतरराष्ट्रीय करार 2001 चा, लागू झाला 2004 ला, भारत त्यात आहे. त्यात सोप्या देवाणघेवाणीसाठी 64 पिकांची यादी ठरली, तिच्यात ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा आहेत पण सोयाबीन, ऊस, भुईमूग नाहीत, आणि आज आपला निम्मा जिल्हा सोयाबीनखाली असताना मला हे फार खटकतं.

तर वापराचं असं की पेरायला आणलं ते बियाणं किंवा बेणं, दुकानात नाव सांगून मागितला तो वाण, आणि हे सगळं रानटी भाऊबंदांसकट जपून ठेवलं ते जननद्रव्य. 'जर्मप्लाझम' म्हटलं तरी चालतंय, विद्यापीठात सर्रास तसंच बोलतात. फक्त 'जननद्रव्ये' असं अनेकवचन करू नका, 'जननद्रव्याचे नमुने' म्हणा, कानाला पण बरं लागतं.