क्रायोॲब्लेशननंतरचा दम आणि परतलेली धडधड: आधी प्रोसीजरचा पूर्ण रिपोर्ट मिळवा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. एएफसाठी (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल होण्याचा आजार) आठ महिन्यांपूर्वी तुमचं क्रायोबलून ॲब्लेशन झालं, ठोके शांत झाले, पण जिना चढताना, खाली वाकल्यावर आणि उताणं झोपल्यावर दम लागतो. आता गेल्या आठवड्यात पुन्हा वीस मिनिटं धडधड, आणि फॉलोअपच्या टेबलावरून एकच पालुपद: 'प्रोसीजर यशस्वी आहे, काळजी करू नका.' यातलं जवळजवळ सगळं माझ्या वाट्याला येऊन गेलंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, एएफची जुनी पेशंट आहे. गोळ्यांचा कुठलाही निर्णय माझ्या लिहिण्यावरून घेऊ नका.

फुप्फुसाकडून हृदयात येणाऱ्या शिरांची तोंडं थंड बलूनने गोठवतात, म्हणजे तिथले चुकीचे विद्युत संकेत हृदयात शिरत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे, ते सोडून देते. सगळ्यात आधी एक काम करा: प्रोसीजरचा पूर्ण रिपोर्ट मागा. डिस्चार्ज कार्ड नव्हे. कार्डावर 'चारही शिरा यशस्वीरीत्या वेगळ्या केल्या' एवढंच असतं. मूळ रिपोर्टमध्ये प्रत्येक शिरेसाठी वेगळी ओळ असते: किती सेकंद गोठवलं, तापमान किती खाली गेलं, शिरेतला विद्युत संकेत कितव्या सेकंदाला थांबला, आणि शेवटी शेरा.

माझा सगळा घोटाळा त्या शेऱ्यात होता. उजव्या बाजूच्या शिरा गोठवताना शेजारून जाणाऱ्या फ्रेनिक नर्व्हला थंडी लागू शकते. ही नस श्वासपटल, म्हणजे फुप्फुसाखालचा श्वासाचा स्नायू, हलवते. म्हणून त्या वेळी नसेला मुद्दाम विजेचे ठोके देतात आणि कुणीतरी पेशंटच्या बरगडीखाली हात ठेवून पटलाचा झटका जाणवतोय का ते पाहत राहतं. झटका मंदावला की गोठवणं तिथल्या तिथे बंद करतात. माझ्या वेळी तसंच झालं होतं. उरलेल्या तिन्ही शिरांपुढे 180 किंवा 240 सेकंद, आणि उजव्या वरच्या शिरेपुढे 94. शेजारी लिहिलेलं: 'पटलाची हालचाल कमी, गोठवणं थांबवलं.' डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं, त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढच्या कारभाराबद्दल. ही ओळ डिस्चार्ज कार्डावर उतरलीच नाही. मी दम लागतो म्हणून सांगत राहिले. फॉलोअपला बसणाऱ्यांनी कार्ड वाचून छातीच्या डॉक्टरांकडे धाडलं, तिथे दम्याचे पंप सुरू झाले, मग ते बदलले, मग 'टेन्शन घेता का?' असा प्रश्न आला. रेकॉर्ड विभागात रिपोर्ट मागितला तर 'पेशंटला हेच देतात' म्हणून तेच कार्ड झेरॉक्स करून हातात. लेखी अर्ज केला तर तो दुसऱ्या मजल्यावर, तिथून परत पहिल्या खिडकीवर. आपल्याच छातीत काय केलं ते वाचायला मला इतकं झगडावं लागलं, याचा राग आजही जात नाही. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी एक्स-रेवर उजवं पटल वर चढलेलं पाहिलं आणि स्वतः फोन करून तो कागद मागवला. त्या एका ओळीत माझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं होती: दम कशामुळे, आणि धडधड परत का आली, म्हणजे ती शिरा पुन्हा का जोडली गेली (तिच्यातून संकेत हृदयात परत का येऊ लागले).

तुमचंही हेच असेल असं म्हणत नाही. आडवं झाल्यावर लागणारा दम हृदयाचं पंपिंग कमी पडल्यामुळेही असू शकतो, आणि प्रोसीजरनंतर काही महिन्यांनी फुप्फुसाची शिरा अरुंद झाल्यानेही दम, खोकला, क्वचित थुंकीतून रक्त येतं. म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी), एक्स-रे आणि गरज वाटल्यास शिरांचा सीटी हे विषय नाव घेऊन काढा. पटलासाठी साधी तपासणी असते: नाकाने झटकन श्वास आत ओढायला सांगून स्क्रीनवर दोन्ही बाजू कशा हलतात ते पाहतात. नस दुखावली असेल तरी घाबरू नका. 2016 च्या 'फायर अँड आइस' अभ्यासात क्रायोबलूनच्या 2.7 टक्के पेशंटना घरी जाताना हा त्रास होता, आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्यांची नस सुधारली. माझीही सुधारली, हळूहळू.

आता 'फेल गेलं का?' हा तुमचा प्रश्न. तुम्ही कुठेतरी वाचलंत की तीन वर्षांत निम्म्याहून जास्त लोकांना एएफ परत येतं. तो आकडा खरा आहे, पण तो कसा मोजला ते बघा. 'अर्ली-एएफ' अभ्यासात 303 जणांच्या त्वचेखाली सतत नोंद ठेवणारं यंत्र बसवलं होतं आणि 30 सेकंदांची गडबडसुद्धा 'परत आलं' म्हणून धरली. तीन वर्षांत क्रायो केलेल्यांत असं 56.5 टक्क्यांना झालं, नुसत्या गोळ्यांवर असलेल्यांत 77.2. मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसरा आकडा: आपोआप न थांबणाऱ्या, टिकून राहणाऱ्या एएफपर्यंत क्रायोवाले 1.9 टक्के पोचले, गोळ्यांवाले 7.4. म्हणजे 'कायमचं बरं' हे वचन कुणी देत असेल तर ते खोटं आहे, पण आजाराची चाल मंदावते हे खरं. लक्षात ठेवा, हे पेशंट आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले होते. हृदयाचा वरचा कप्पा मोठा झालेला असेल किंवा एएफ वर्षानुवर्षं मुरलेलं असेल तर हेच आकडे आपल्याला लावू नयेत.

पहिल्या दोन-तीन महिन्यांतली धडधड सहसा धरत नाहीत, कारण जखम भरत असते. तुमची आठव्या महिन्यातली आहे, ती धरायची. पण वीस मिनिटांच्या एका झटक्यावरून निकाल लावू नका. आधी ती नेमकी काय आहे ते कागदावर यायला हवं. धडधड सुरू असतानाच ईसीजी घ्या, घड्याळाचा चालेल, आणि पट्टी जतन करा. ॲब्लेशननंतर कधी कधी एएफ नसून फ्लटर (ठोक्यांच्या बिघाडाचा दुसरा प्रकार) असतं, त्यात नाडी वेगवान पण अगदी नियमित लागते, आणि लोक 'नियमित आहे ना' म्हणून सोडून देतात. मात्र विश्रांतीतली नाडी आधीपेक्षा आठ-दहाने वाढलेली असेल तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल माझं मत ठाम आहे. ठोके छान चालू आहेत म्हणून ती बंद होत नाही. प्रोसीजरनंतरचे दोन-तीन महिने ती सगळ्यांनाच लागते. पुढचं वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघाताचा झटका, हृदयाचा अशक्तपणा यांवर ठरतं. एएफ गुपचूपही येतं, आपल्याला जाणवलं नाही म्हणजे आलं नाही असं होत नाही. म्हणून नुसतं 'कसं वाटतंय?' विचारणाऱ्या फॉलोअपवर समाधान मानू नका, सात किंवा चौदा दिवसांचा होल्टर (अंगावर लावून ठोक्यांची सतत नोंद घेणारं यंत्र) मागा.

ज्यांचं नुकतंच झालंय त्यांच्यासाठी, विषय सोडून आहे पण सांगते. पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, हातापायातली ताकद जाणं यातलं काही झालं तर ताबडतोब इमर्जन्सी गाठा आणि दारातच सांगा की ॲब्लेशन झालंय. अन्ननलिकेला भोक पडण्याचा प्रकार अत्यंत दुर्मीळ, पण जीवघेणा. तिथे एंडोस्कोपीने (घशातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीने) नुकसान होऊ शकतं, आधी छातीचा सीटी लागतो.

वजन आणि घोरणं यांबद्दल डॉक्टर घाईत एक वाक्य बोलतात, ते हलक्यात घेऊ नका. झोपेत श्वास अडकत असेल आणि त्यावर उपचार नसतील तर एएफ परतण्याची शक्यता वाढते. रक्तदाबाचंही तसंच.

दुसऱ्या प्रोसीजरची वेळ आलीच तर तो रिपोर्ट पुन्हा कामी येईल. बहुतेकदा चारही शिरा नव्याने करायच्या नसतात, जी जोडली गेली तेवढीच बंद करतात, आणि फ्रेनिक नर्व्ह एकदा दुखावली असेल तर त्या बाजूला काय वापरायचं याचा डॉक्टर वेगळा विचार करतात. माझ्या दुसऱ्या वेळी तेवढी एकच शिरा केली, तीही बलूनने नाही. अर्ज करताना 'रिपोर्ट द्या' असं मोघम लिहू नका. 'कॅथ लॅबमधली (जिथे ॲब्लेशन करतात ती खोली) प्रोसीजर नोट, प्रत्येक शिरेची वेळ, तापमान आणि शेऱ्यासह' असं लिहा, पोच घ्या, आणि एक प्रत थेट प्रोसीजर करणाऱ्या डॉक्टरांच्या सेक्रेटरीकडे द्या.